आईला हास्यक्लबात पाठवू का?

प्रश्न थोडक्यात असा: वडील जाऊन आठ महिने झाले. आई ६२ वर्षांची. घरातलं सगळं करते, पण हसत नाही. मध्यंतरी वडिलांची एक जुनी फजिती निघाली तेव्हा खळखळून हसली आणि लगेच गप्प होऊन आत निघून गेली. नातेवाईक म्हणतात, हास्यक्लबात घाला, हसल्याने नैराश्य जातं. आई म्हणते, "खोटं खोटं कशाला हसू?" धाकटा भाऊ मात्र दिवसभर विनोद करत असतो, बहुतेक स्वतःवरच. हसण्याचा मनाला खरंच उपयोग होतो का, आणि आम्ही करायचं काय?

आधी नातेवाइकांच्या वाक्यापुरतं बोलते. हसल्याने नैराश्य जात नाही. मनावरचा ताण हलका होतो, माणसं जवळ येतात, दुखणं थोडं सुसह्य होतं, एवढं नक्की म्हणता येतं आणि तेही काही कमी नाही. पण ज्याला औषधाची किंवा समुपदेशनाची गरज आहे, त्याला "जरा हसत जा" म्हणणं म्हणजे त्याच्या आजाराचा ठपका त्याच्यावरच ठेवणं. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणांना हा सल्ला आधीच मिळालेला असतो. तो पाळता आला नाही म्हणून ते आणखी खचलेले असतात.

आता तुमच्या आईबद्दल. तुम्ही ज्या प्रसंगाने घाबरला आहात, तो मला तुमच्या सगळ्या पत्रात सर्वांत आश्वासक वाटला. वडिलांच्या आठवणीवर त्या मोकळेपणी हसल्या.

डाचर केल्टनर आणि जॉर्ज बोनॅनो या मानसशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये याच विषयावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. जोडीदार जाऊन साधारण सहा महिने झालेल्या माणसांना त्या नात्याविषयी बोलतं केलं आणि बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते बारकाईने तपासलं. काही जण बोलता बोलता खरोखर हसले. खरोखर म्हणजे ओठांबरोबर डोळ्यांभोवतीचे स्नायूही आकसतात तसं. एकोणिसाव्या शतकातल्या ड्यूशेन या फ्रेंच वैद्याने हा फरक नोंदवला होता, म्हणून अशा हसण्याला आजही त्याचं नाव लावतात. तसे हसणाऱ्यांमध्ये राग कमी होता, दुःखापासून थोडं अंतर घेता येत होतं, इतरांशी संबंधही बरे होते. यावरून हसल्यामुळेच ते सावरले असं ठरत नाही. सावरत असल्यामुळे हसू फुटलं, असंही असेल. मात्र एक समज त्यातून नक्की मोडतो: शोकात हसणं म्हणजे दुःख खोटं असणं किंवा गेलेल्या माणसाला विसरणं. तसं काहीही नसतं.

मग आई उठून का गेल्या? बहुधा अपराधी वाटलं म्हणून. "हे नाहीत आणि मी हसते आहे" हा विचार शोकातल्या जवळपास प्रत्येकाला कधी ना कधी चाटून जातो. दुसरी शक्यता अशी की हसता हसता रडू आलं आणि ते तुमच्यासमोर नको होतं. दोन्हींत तुम्ही करायचं ते एकच. "बघ, हसलीस की नाही! अशीच राहा" असं अजिबात म्हणू नका. त्या शब्दांनी हसण्याची परीक्षा होऊन बसते आणि पुढच्या वेळी त्या आधीच सावध होतात. दोन-चार दिवसांनी वडिलांची तशीच एखादी गोष्ट सहज काढा. त्या हसल्या तर तुम्हीही हसा, रडल्या तर बसून राहा. विषय बदलू नका.

शोक आणि नैराश्य यांतला फरकही इथे कामाला येतो. शोक लाटांसारखा येतो. मध्ये मध्ये माणूस हसतो, जेवणाची चव घेतो, भांडतो, आणि एखाद्या वस्तूने पुन्हा ढवळून निघतो. नैराश्यात असा चढउतार फार कमी असतो. काहीही आत पोचत नाही, आणि खंत एकट्या गेलेल्या माणसाची न राहता "मीच निरुपयोगी आहे" इथपर्यंत जाते. तुमच्या आईची झोप, भूक, वजन आणि बोलण्या-चालण्याचा वेग पाहा. पहाटे फार लवकर जाग येते का, पूर्वी आवडायच्या त्या सगळ्याच गोष्टी सुटल्या आहेत का, मन दिवसभर उदास असतं का. यातलं बरंचसं पंधरा दिवस किंवा त्याहून जास्त, जवळजवळ रोज दिसत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. हास्यक्लबाचा विचार नंतर. थायरॉइड आणि बी-१२ यांची तपासणीही त्या निमित्ताने करून घ्या, कारण या वयात मरगळीमागे कधी कधी तेही असतं.

"आठ महिने झाले, आता तरी सावरायला हवं" हे वाक्य मात्र घरातून हद्दपार करा. दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या शोकाला आता आजारांच्या याद्यांत स्वतंत्र जागा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत त्यासाठी किमान सहा महिन्यांची अट आहे, तर अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०२२ मध्ये ती मोठ्यांसाठी बारा महिने ठेवली. तुमची आई नेमकी या दोहोंच्या मध्ये आहे, म्हणजे जाणकारांचंही महिन्यांवर एकमत नाही. आणि महिने मोजून निदान होतही नाही. रोजचं जगणं किती अडलं आहे आणि ओढ किती तीव्र आहे, ते पाहावं लागतं. त्या घर चालवतात, आठवणींत हसू शकतात. तुम्ही लिहिलं आहे तेवढ्यावरून मला हा शोक वाटतो. प्रत्यक्ष भेटल्याशिवाय यापुढे जाऊन बोलणं बरोबर नाही.

हसण्याचा उपयोग कशामुळे होतो, ते थोडं सविस्तर सांगते, कारण काय करायचं याचं उत्तर त्यातच आहे.

बहुतेकांना वाटतं, हसण्यासाठी विनोद लागतो. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञाने रोजच्या गप्पांमधले सुमारे १,२०० हशे टिपले. त्यांतल्या वीस टक्क्यांहून कमी हशांच्या आधी विनोद म्हणता येईल असं काही होतं. बाकीच्यांच्या आधी "अरे, तू इथे?", "बरं, निघते मी" असली साधी वाक्यं होती. ऐकणाऱ्यापेक्षा बोलणाराच जास्त हसत होता. आणि माणसं एकटी असतात त्यापेक्षा सोबतीत सुमारे तीसपट जास्त हसतात, असंही त्याला आढळलं. म्हणजे हसणं हे मुख्यतः "मी तुझ्यासोबत आहे, इथे धोका नाही" हे सांगण्याचं साधन आहे. एकट्या माणसाच्या फोनवर विनोदी व्हिडिओंचा मारा करून फारसं काही का साधत नाही, ते यावरून कळेल.

शरीरातही काही घडतं. जोरात हसताना श्वास धक्क्याधक्क्याने बाहेर पडतो, छाती-पोटाचे स्नायू राबतात, नाडी वाढते, आणि हसू ओसरलं की अंग सैल पडतं. ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांच्या गटाला असं दिसलं की इतरांबरोबर मनसोक्त हसल्यानंतर माणसं वेदना जास्त सहन करू शकतात. पुढे २०१७ मध्ये फिनलंडमधल्या तुर्कू इथे मेंदूचं स्कॅन करून पाहिलं, तेव्हा मित्रांसोबत हसल्यावर मेंदूत नैसर्गिक वेदनाशामकं सुटतात असं आढळलं. त्यात फक्त बारा निरोगी पुरुष होते. म्हणून त्यावरून साठीतल्या शोकाकुल बाईबद्दल मोठी विधानं करू नयेत. तरी दोन्ही ठिकाणी "इतरांबरोबर" हा भाग समान आहे, तेवढा लक्षात ठेवा.

नॉर्मन कझिन्स यांची गोष्ट तुमच्यापर्यंत कुठल्या ना कुठल्या रूपात पोचली असेलच. या अमेरिकन संपादकाने मणक्याच्या वेदनादायी आजारात विनोदी चित्रफिती पाहिल्या आणि दहा मिनिटं पोटभर हसल्यावर दोन तास वेदनेविना झोप लागते असं लिहिलं. तो लेख १९७६ मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आला आणि तिथून "हसून आजार बरा" ही कथा जगभर गेली. पण तो एकच रुग्ण होता, सोबत 'क' जीवनसत्त्वाचे मोठे डोसही घेत होता, आणि तुलनेला कुणी नव्हतं. गोष्ट उमेद देते, पण ती पुरावा म्हणून वापरता येत नाही.

आता हास्यक्लब. डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ मध्ये मुंबईतल्या एका बागेत पाच जणांना घेऊन ही सुरुवात केली. पहिले काही दिवस विनोद सांगून हसायचे. मग चांगले विनोद संपले, उरले ते कुणाला ना कुणाला बोचणारे. त्यातून विनोदाशिवाय हसण्याची पद्धत निघाली: टाळ्या, श्वास, एकमेकांच्या डोळ्यांत पाहून मुद्दाम हसणं, आणि त्यातून खरं हसू फुटणं. उपाय चतुर होता यात शंका नाही.

तिथे एक वाक्य हमखास ऐकू येतं: शरीराला खऱ्या आणि खोट्या हसण्यातला फरक कळत नाही. हे मला पटत नाही. लंडनमध्ये सोफी स्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या कामात आपोआप फुटलेलं आणि ठरवून केलेलं हसू ऐकणाऱ्याला वेगळं ओळखू येतं, त्याचा मेंदूही दोन्हींना वेगळा प्रतिसाद देतो. चेहरा हसरा केला की मन हसरं होतं का, हा वादही जुना आहे. दातांत पेन धरून चेहरा नकळत हसरा करण्याचा प्रयोग १९८८ मध्ये गाजला. २०१६ मध्ये सतरा प्रयोगशाळांनी तो पुन्हा केला, तेव्हा परिणाम दिसला नाही. २०२२ मध्ये एकोणीस देशांतल्या जवळपास ३,९०० लोकांवर झालेल्या अभ्यासात, जाणूनबुजून हसरा चेहरा केल्यास मन किंचित बरं होतं, असं निघालं. किंचितच. तेव्हा तुमच्या आईचा "खोटं कशाला हसू" हा प्रश्न अडाणीपणाचा नाही.

तरी क्लबात जाणाऱ्यांना बरं वाटतं, हे मी पाहिलेलं आहे. मला वाटतं, त्याचं श्रेय बरंचसं हसण्याच्या आजूबाजूच्या गोष्टींना आहे. ठरलेल्या वेळी उठणं, घराबाहेर पडणं, सकाळचा उजेड, दीर्घ श्वास, आणि "काल आला नाहीत?" असं विचारणारं कुणीतरी. हास्ययोगावर झालेल्या अभ्यासांत ताण आणि उदासी कमी झाल्याचे निष्कर्ष येतात, पण बरेचसे अभ्यास लहान आणि थोड्या आठवड्यांचे आहेत. तुलना अनेकदा काहीच न करणाऱ्यांशी असते, त्यामुळे हसण्याचा वाटा किती आणि सोबतीचा किती हे वेगळं काढता येत नाही. सिडनीतल्या पस्तीस वृद्धाश्रमांमध्ये मात्र नीट आखलेला एक मोठा अभ्यास झाला. प्रशिक्षित विदूषक आठवड्यातून एकदा येऊन रहिवाशांशी खेळीमेळीने वागत, तिथल्या एका कर्मचाऱ्यालाही तयार करत. मुख्य प्रश्न नैराश्याचा होता, आणि त्यात लक्षणीय फरक पडला नाही. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांमधली अस्वस्थता, चिडचिड मात्र कमी झाली. हसण्याकडून काय अपेक्षा ठेवावी आणि काय ठेवू नये, याचं इतकं प्रामाणिक उत्तर मला दुसरीकडे क्वचितच मिळालं.

म्हणून क्लबात "घालू" नका. आईला जायचं असेल तर पहिले काही दिवस सोबत जा, मागच्या रांगेत उभ्या राहा, आणि न हसता नुसता श्वासाचा व्यायाम केला तरी चालेल हे आधी सांगून ठेवा. नको असेल तर विषय सोडा. फिरायला जाणारा एखादा गट, भजनी मंडळ, वाचनालय, जिथे त्यांना आधीपासून रस आहे ते काहीही चालेल.

त्यांच्या नकाराचं आणखी एक कारण असू शकतं, ज्याबद्दल बायका सहसा बोलत नाहीत. जोरात हसलं, खोकलं, शिंकलं की थोडी लघवी होणं बाळंतपणं झालेल्या आणि पाळी गेलेल्या बायकांमध्ये फार आढळतं. चारचौघांत मोठ्याने हसायचं म्हटलं की त्यांना तीच धास्ती असते, आणि सांगायला कारण मात्र "मला ते आवडत नाही" हे असतं. मुलीने एकांतात सरळ विचारलं तर कळतं. यावर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम असतात, फिजिओथेरपिस्ट किंवा स्त्रीरोगतज्ज्ञ शिकवतात, आणि त्यांनी बऱ्याच जणींना फरक पडतो. हा प्रश्न सुटला की काही बायका हसण्याबरोबर प्रवासालाही तयार होतात! याखेरीज हर्निया, नुकतंच झालेलं पोटाचं किंवा डोळ्याचं ऑपरेशन, आटोक्यात नसलेला रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू किंवा फिट येण्याचा त्रास असेल, तर जोर लावून हसण्याचे व्यायाम डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

घरात काय करता येईल? आईला हसवण्याचं काम कुणीही अंगावर घेऊ नका. त्याऐवजी आठवा, त्या पूर्वी कुणाबरोबर हसायच्या. बहुतेक बायकांच्या आयुष्यात अशी एक-दोन माणसं असतात: बहीण, शाळेतली मैत्रीण, एखादी नणंद, ऑफिसातली जुनी सहकारी. वडील गेल्यावर पहिल्या महिन्यात ती सगळी येऊन जातात आणि मग "उगाच कशाला त्रास" म्हणून फोन करायचं थांबतात. तुम्हीच त्यांना फोन करा. "सांत्वनाला येऊ नका, दोन दिवस राहायला या" असं सांगा. तुम्ही खोलीत नसाल तर आणखी उत्तम, कारण मुलांसमोर आईला आईच राहावं लागतं.

दुसरं, हातांना काम असेल अशी बैठक जमवा. फोटो लावणं, पत्त्यांचा डाव, कपाट आवरणं. समोरासमोर बसून "कशी आहेस?" विचारल्यावर जे निघत नाही, ते अशा वेळी चुकीच्या पानावर, वाकड्या चष्म्याच्या फोटोवर आपोआप निघतं. लहान मूल घरात येत असेल तर त्याला आईच्या ताब्यात द्या आणि बाजूला व्हा.

तुम्ही स्वतःबद्दल काहीच लिहिलेलं नाही, पण वडील तुमचेही गेले. तुमच्यासाठी एक छोटा सराव सुचवते: रात्री झोपण्यापूर्वी दिवसातल्या तीन गमतीच्या गोष्टी लिहायच्या, आठवडाभर, आणि प्रत्येक गोष्ट गमतीची का वाटली तेही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात अशा विनोदावर आधारलेल्या सरावांनी समाधानाची भावना सहा महिन्यांपर्यंत वाढलेली राहिली. उदासीवरचा परिणाम मात्र थोड्या काळापुरता होता. आईला हे करायला लावू नका. ज्याला काहीच गमतीचं दिसत नाही, त्याच्यासाठी ती कोरी वही म्हणजे शिक्षा असते.

आम्ही उपचारात विनोद वापरतो का, असं कुणी विचारलं तर उत्तर हो आहे, पण जपून. व्हिक्टर फ्रँकल या व्हिएन्नाच्या मानसोपचारतज्ज्ञाने तर त्याची रीतसर पद्धत केली. चारचौघांत घाम फुटेल या भीतीने पछाडलेल्या एका माणसाला त्यांनी सांगितलं, भीती वाटली की मनात म्हण, "आजवर थोडाच घाम आला, आज बादलीभर गाळून दाखवतो!" भीतीवरच हसता आलं की तिचा जोर ओसरतो. झोप न लागण्याच्या धास्तीवरही ही युक्ती चालते: आडवं पडून, अंधारात, मुद्दाम जागं राहण्याचा प्रयत्न करायचा. आईला झोपेची काळजी असेल तर करून पाहायला हरकत नाही. शोकावर मात्र ही युक्ती वापरू नये. तिथे पहिला विनोद नेहमी दुःखात असलेल्या माणसाचा असावा, आपण त्याच्या मागून जावं. आणि ज्यांना प्रत्येक हशा आपल्यालाच उद्देशून आहे असं वाटतं, ज्यांना संशयाचा आजार आहे किंवा जे उन्मादाच्या अवस्थेत आहेत, त्यांच्याशी थट्टेचा प्रयोग नकोच.

राहिला तुमचा भाऊ. घरात सगळ्यांचं लक्ष आईकडे आहे, आणि मला काळजी थोडी त्याची वाटते. कॅनडातल्या रॉड मार्टिन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये विनोदाचे चार प्रकार मांडले. माणसं जोडणारा आणि स्वतःला धीर देणारा हे दोन मनाच्या बऱ्या स्थितीशी जोडलेले आढळतात. तिसरा दुसऱ्याला टोचणारा. चौथा स्वतःला खाली पाडून इतरांना हसवणारा, आणि हा चौथा उदासी, चिंता व स्वतःबद्दलच्या कमी आदराशी पुन्हा पुन्हा जोडलेला दिसतो. अधूनमधून स्वतःची टर उडवणं निरोगी आहे, त्याने माणूस गोड वाटतो. तुमचा भाऊ रोज, सगळ्यांसमोर, एकाच विषयावर ते करत असेल तर तो विषय काय आहे ते ऐका. "मी असून नसल्यासारखाच", "बाबांऐवजी मी गेलो असतो तर घराचा खर्च वाचला असता" अशा धाटणीचं काही असेल, तर ते हसण्यावारी नेऊ नका. कदाचित घर हलकं ठेवायची जबाबदारी त्याने आपणहून उचलली असेल आणि ती कशी खाली ठेवावी हे त्याला कळत नसेल.

त्याला विनोद बंद करायला सांगू नका. प्रेक्षक नसतील अशी वेळ गाठा, गाडीत किंवा चालताना, आणि विचारा, "झोप लागते का तुला? पिणं वाढलंय का? मरणाचे विचार येतात का?" शेवटचा प्रश्न विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं याची बहुतेकांना सुटका वाटते. तो आधी विनोदानेच उत्तर देईल. विनोद चांगला असेल तर हसा, आणि तोच प्रश्न पुन्हा विचारा. उत्तर "हो" आलं, किंवा नीट "नाही" आलं नाही, तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा जवळच्या रुग्णालयात घेऊन जा. आईला त्या क्षणी काय सांगायचं, हे दुसऱ्या दिवशी ठरवलं तरी चालेल.